घरात सहा माणसं, गाडीत पाच पट्टे

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१. नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, ये-जा कंपनीच्या बसनं. घरी आई-बाबा, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. पत्नी साखळीजवळच्या शाळेत शिकवतात आणि धाकट्याला स्कूटरवर सोबत नेतात. दारात २०१४ची छोटी हॅचबॅक आहे. ती एक्स्चेंजमध्ये देऊन तेरा लाखांची नवी मिडसाइझ सेडान घ्यावी असं वाचकाच्या मनात आहे. हाताशी पाच लाख आहेत, उरलेल्या आठ लाखांचं कर्ज काढायचं. बेळगावचे मेव्हणे म्हणतात, "सेडानचा जमाना गेला, एसयूव्ही घ्या." आईंचे गुडघे दुखतात. बाबांचा पूर्वी खाणीवर ट्रक होता. त्यांचं म्हणणं एकच, "आहे ती चालवा, कर्ज नको." वाचक लिहितात, "डिकीवाली गाडी हे माझं जुनं स्वप्न आहे. तिच्या जमेच्या आणि उण्या बाजू सांगा. सगळ्या घराला एका गाडीतून सुखानं फिरवावं एवढीच इच्छा. पत्नीला छोटी गाडी येते, पण मोठी चालवायला ती घाबरते, त्यामुळे तिचा तसा प्रश्न नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी बोटांवर माणसं मोजली. सहा भरली. मिडसाइझ सेडानमध्ये सीटबेल्ट पाच. म्हणजे ज्या इच्छेसाठी तुम्ही तेरा लाख घालणार आहात, ती पहिल्याच दिवशी अपुरी राहणार. मेव्हण्यांच्या एसयूव्हीतही ती पुरी होत नाही, कारण तुमच्या बजेटमधल्या बहुतेक एसयूव्ही पाचजणांच्याच आहेत.

"धाकट्याला मांडीवर घेऊ," असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण करकचून ब्रेक लागला की पंधरा-सोळा किलोचं पोर हातांत धरून ठेवणं कुणाच्याही ताकदीबाहेरचं असतं, आणि मागून मांडीवाल्याचं वजन त्याच्यावर येतं ते वेगळंच. पाच वर्षांच्या मुलाला स्वतःची जागा हवी आणि त्या जागेवर बूस्टर सीट हवी, नाहीतर पट्टा खांद्यावरून न जाता गळ्यावरून जातो. मागच्या बाकावर बूस्टर लावलीत की उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं अंग चोरूनच बसतात. त्यातलं एक मधोमध, आणि बऱ्याच सेडानमध्ये तिथं पायाखाली उंचवटा असतो. शोरूममध्ये ती जागा कुणी दाखवत नाही. तुम्ही मुद्दाम तिथं बसून बघा.

मग सात जणांची घ्यावी का? आधी गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि सहाजण एकत्र कुठं कुठं गेलात त्यावर खुणा करा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी, एखादी जत्रा, दोन-तीन लग्नं, एकदा बेळगाव. माझा अंदाज आहे की दहा-बारा खुणांच्या पुढे तुम्ही जाणार नाही. शिवाय सात जणांच्या गाडीत तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरते ती दोन पिशव्यांची. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या आराशीचं) सामान आणि सहा माणसं एकाच वेळी त्यातही मावायची नाहीत. त्या दिवसांचं पुढे बघू. आधी तुमच्या सेडानकडे येते, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही. मी स्वतः नऊ वर्षं एक चालवली आहे.

मेव्हणे म्हणतात तसा तिचा जमाना ओसरलाय हे खरं. पण जमाना ओसरला म्हणजे गुण ओसरले असं नाही. तुमच्या पत्नीचं माहेर बेळगावला, म्हणजे साखळी, केरी आणि पुढे चोर्ला घाट हा तुमचा नेहमीचा रस्ता. सेडान जमिनीलगत बसते, म्हणून वळणावर कमी कलते. मागच्या बाकावरच्या मुलांना गाडी लागायची असेल तर ती उंच, डुलणाऱ्या गाडीत लवकर लागते. लांब प्रवासात मागे बसणाऱ्याला मिडसाइझ सेडानइतकं सुख त्या किमतीत दुसरी गाडी क्वचितच देते. पाय पसरायला जागा मिळते, खड्ड्याचा दणका कमी बसतो, आवाज कमी येतो.

घाटात इंजिनांचे स्वभाव कळतात. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस या सेडानचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो (जादा हवा दाबून घेणारं) इंजिन ११५ पीएसचं, म्हणजे अश्वशक्तीचं, होंडा सिटीचं दीड लिटरचं विनाटर्बो १२१ पीएसचं. कागदावर सारखीच वाटतात. पण पाच माणसं, एसी आणि चढण असं जुळून आलं की टर्बोवाली एकदा फिरायला लागल्यावर ओढत नेते, फक्त अगदी कमी फेऱ्यांवर क्षणभर रेंगाळते. विनाटर्बो इंजिनाला गियर उतरवून जरा पळवावं लागतं. सिटीच्या सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गियर नसलेल्या, ऑटोमॅटिकमध्ये चढणीला आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. पणजी-पर्वरीच्या कोंडीत मात्र तीच सीव्हीटी लोण्यासारखी. कुठलीही घ्या, पण ट्रकमागून पुढे काढायची वेळ येते त्या वेगाला चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आणि डिकी. ती पाचशे लिटरच्या आसपास असते. पण तिचा आपल्या गोव्यातला खरा गुण लिटरमध्ये सांगता येत नाही. ती आतल्या भागापासून वेगळी असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मासळी घ्या, पावसाळ्याची बेगमी करा, घरी येईपर्यंत वास मागेच राहतो. हॅचबॅक किंवा एसयूव्हीत तो गणपतीपर्यंत सोबत करतो. डिकीचं तोंड मात्र लहान असतं. मोठा फणस जातो, उभी वस्तू जात नाही. चवथीची मूर्ती तर आपण डिकीत ठेवतच नाही, ती मांडीवर येते, आणि सेडानचं उतरतं छप्पर तेव्हा आडवं येतं.

आता उणी बाजू. तुमच्या घरापुरती ती एकाच शब्दात आहे: गुडघे.

सेडानची सीट बसक्या उंचीची. बसताना माणूस खाली जातो, कंबर गुडघ्याच्या खाली येते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर पडतो. आईंना उतरताना कुणीतरी हात द्यावा लागेल, आणि हळूहळू त्या "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी" म्हणू लागतील. हे मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिलं, आणि कारण गाडी आहे हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. पण म्हणून मेव्हण्यांची मोठी एसयूव्ही हा उपाय असं समजू नका. फार उंच गाडीत पाय उचलून चढावं लागतं, नऊवारी असो की पाचवारी, तेही अवघडच. ज्या गाडीची सीट आईंच्या कंबरेच्या उंचीला येते, म्हणजे न वाकता, न चढता नुसतं मागे टेकून पाय आत घेता येतात, ती त्यांची गाडी. अशा उंचीच्या बऱ्याच गाड्या छोट्या एसयूव्ही आणि उभट हॅचबॅक या गटात सापडतात, महागड्यांत असतीलच असं नाही.

दुसरी उणीव जमिनीशी आहे. स्लाव्हिया आणि व्हर्टसचं पोट जमिनीपासून १७९ मिलीमीटर, सिटीचं १६५. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ती मागून बसते, लांबी साडेचार मीटर असल्यामुळे गतिरोधकावर मध्ये टेकते. आपल्या वाड्यांत दोन्ही बाजूंनी चिऱ्यांची वय (कुंपण), मधून जेमतेम वाट आणि शेवटी अंगणात शिरायला एकदम चढ. तुमच्या अंगणाचा चढ कसा आहे ते तुम्हीच जाणा. मी एकदा सप्तकोटेश्वराला जाऊन येताना नार्व्याहून दिवाडीची फेरीबोट धरली. ओहोटी होती, बोटीची फळी उतरती झाली होती, आणि माझ्या गाडीच्या पुढच्या ओठानं असा आवाज काढला की बोटीवरचे सगळे वळून बघू लागले. फेरीवाल्यानं शांतपणे सांगितलं, "बाई, तिरपी घ्या." तेव्हापासून तिरपी घेते.

पावसाळ्यात साचलेलं पाणी हा प्रश्न सगळ्याच गाड्यांचा, सेडानचा थोडा जास्त. इंजिनात पाणी शिरून ते अडकलं तर साधा विमा बहुधा ते नुकसान देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड घ्यावी लागते. गोव्यात राहून ती न घेणं मला परवडणारं वाटत नाही. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा चावी फिरवून सुरू करू नका, खरी वाट तिथंच लागते.

मेव्हण्यांचा आणखी एक मुद्दा तुम्ही लिहिला आहे, की एसयूव्ही जड म्हणून सुरक्षित. सुरक्षितता नुसत्या वजनातून किंवा उंचीतून येत नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासते. तिच्या चाचणीत २०२३ साली स्लाव्हिया, व्हर्टस आणि ह्युंदाईची व्हर्ना या तिन्ही सेडानना मोठ्यांच्या सुरक्षेचे पाच तारे मिळाले. भारत एनकॅप ही आपली तशीच चाचणीही ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाली आहे. जी गाडी घ्याल तिचा निकाल नावानिशी शोधा, "कंपनी मजबूत आहे" यावर जाऊ नका. (हो, व्हर्ना. वेर्ण्याला जायला व्हर्ना, हा विनोद तुमच्या बसमध्ये रोज होत असेल.)

पैशांच्या बाबतीत मेव्हण्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्यापलीकडे ४०. मिडसाइझ सेडान साडेचार मीटरची, म्हणजे इंजिन एक लिटरचं असलं तरी ४० टक्क्यांत. त्यामुळे ज्या पैशांत सेडानचं खालचं मॉडेल मिळतं, त्यात चार मीटरच्या आतल्या गाडीचं वरचं मॉडेल येतं. डिकीचे काही इंच आपण बरेच महाग विकत घेतो.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सगळ्यात जास्त टोचली तिच्याकडे येते. "त्यामुळे तिचा तसा प्रश्न नाही."

तुम्ही बसनं कामाला जाता. बाबा फारसे बाहेर पडत नसावेत, तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही. मग सोमवार ते शुक्रवार ही तेरा लाखांची गाडी कोण वापरणार? अंगणात उभी राहणार, माडाखाली नको म्हणून रोज थोडी पुढे-मागे होणार. आणि तुमच्या पत्नी जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेनकोट घालून, पाच वर्षांच्या मुलाला पुढे उभं करून स्कूटरवरून साखळीला जाणार. तुमच्या घरात गाडीची रोजची गरज एकाच माणसाला आहे, आणि त्याच माणसाला येणारी गाडी तुम्ही एक्स्चेंजमध्ये देऊन टाकताय. तुमच्यावर ठपका ठेवत नाही. घरोघरी गाडीचा विचार असाच होतो, रविवारच्या फिरण्यावरून. सोमवारी कोण भिजतं हे त्यात येत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: जुनी हॅचबॅक देऊ नका. बारा वर्षांच्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये कितीसे मिळतील? त्याऐवजी तिचे टायर, बॅटरी, वायपर, ब्रेक आणि एसी यांवर तीस-चाळीस हजार घाला आणि चावी पत्नीकडे द्या. त्यांना विचारून, हे सांगायला नकोच. तिची नोंदणी २०२९पर्यंत चालेल, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि चवथीच्या दिवशी दोन गाड्या निघतील, सहा माणसं आणि माटोळी दोन्हींत ऐसपैस बसतील. तिसऱ्या रांगेचा प्रश्नच उरत नाही.

बाबांबद्दल. २०१२ साली खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. डिचोली-सत्तरीत त्या काळात अंगणातले ट्रक गंजत होते आणि हप्ते चालूच होते. ज्या माणसानं ते दिवस काढले त्याच्या "कर्ज नको"ला जुनाट विचार म्हणून बाजूला सारू नका. हिशेबही त्यांच्याच बाजूचा आहे. आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १२,८७० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज जवळपास २ लाख ८१ हजार. पाच वर्षांचं केलंत तर व्याज १ लाख ९६ हजार, पण हप्ता १६,६०० पर्यंत जातो. विक्रेता सात वर्षांचा हप्ता सांगतो, कारण तो ऐकायला लहान वाटतो. हे दोन्ही आकडे बाबांसमोर मांडा. ते हिशेबाला कच्चे नसणार.

मग स्वप्नाचं काय? ते सोडा असं मी म्हणत नाही. सेडानचा जमाना ओसरल्याचा फायदा जुनी गाडी घेणाऱ्याला होतो. मागणी कमी म्हणून तिची किंमत लवकर उतरते, आणि तीन-चार वर्षं जुनी, नीट वापरलेली सेडान सात-आठ लाखांत मिळू शकते. पाच लाख तुमचे, तीन लाखांचं तीन वर्षांचं कर्ज. वापरलेल्या गाडीला व्याज जास्त लागतं. बारा टक्के धरलं तरी हप्ता दहा हजारांच्या आत आणि व्याज साठ हजारांच्या आत राहतं. या तडजोडीला बाबा कदाचित मान डोलावतील. हायब्रीडच्या मागे मात्र लागू नका. तुम्ही वर्षाला फार तर सात हजार किलोमीटर जाणार. एवढ्याशा फिरण्यात पेट्रोल वाचून वाचून कितीसं वाचेल, त्यासाठी काही लाख जास्त मोजायचे का? वर बॅटरी डिकीतली जागा खाते, ती वेगळी.

वापरलेली गाडी गोव्यात घेताना दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ती पूर्वी भाड्यानं फिरली आहे का, हे नोंदणीच्या कागदांवरून आणि विम्याच्या जुन्या पॉलिसीवरून कळतं. आणि ती पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात गेली होती का. पर्यटक गाडी किनाऱ्यावर नेतात आणि भरतीला ती वाळूत रुतते, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. त्या गाड्या पुढे कुठं जातात याचा विचार कुणी करत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, पाण्याची रेघ आतल्या टोकाला दिसते. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, चटईखाली ओलसर वास, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात चिखल यांतलं काही दिसलं तर किंमत कितीही खाली येवो, उठून या. सनरूफ असेल तर त्याच्या कडांच्या नळ्या पाल्यानं तुंबल्यात का तेही बघा, आपल्याकडच्या पावसात ते छप्पर गळायला वेळ लागत नाही. मेव्हणे बेळगावची गाडी स्वस्तात मिळवून देतो म्हणाले तर तिकडचं ना-हरकत पत्र आणि गोव्यात नव्यानं भरायचा रस्ता कर धरूनच किंमत मोजा. हा कर धरला की बरेचदा स्वस्ताई संपते.

आईंच्या गुडघ्यांचा निकाल मात्र आधी लागला पाहिजे, गाडी बघण्याच्या आधी. सेडानमध्ये त्यांना तीनदा बसायला-उठायला लावा, साडी नेसलेल्या असताना, पुढच्या आणि मागच्या दोन्ही सीटवर. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी दाराला किंवा तुमच्या खांद्याला धरलं, तर सेडान तुमच्या घरची नाही. मग वर म्हटलं तशी कंबरेच्या उंचीची, चार मीटरच्या आतली गाडी बघा. करही कमी, कर्जही कमी. "त्रास होतो का?" असं त्यांना विचारू नका. "नाही हो, मला काय" असंच उत्तर येईल. नुसते हात बघा.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ताही तुम्हीच ठरवा. शोरूमवाला हायवेवर सरळ नेऊन आणेल, तिथं सगळ्याच गाड्या चांगल्या. तुम्ही गाडी तुमच्या वाडीत आणा. चारजणांना बसवून अंगणाच्या चढावर घ्या, वईजवळ वळवा, आणि मग पाच मिनिटं पत्नीच्या हाती द्या. त्या मोठ्या गाडीला घाबरतात हे तुम्ही लिहिलंय, त्यांनी नाही. बाबांना पुढे बसवा. ज्यानं खाणीवर ट्रक चालवला त्याला इंजिनाचा आवाज तुमच्या-माझ्याहून जास्त कळतो. ते काही न बोलता नुसते ऐकत बसले, तर घरी आल्यावर चहाच्या वेळी विचारा.